परसातली बोडी

वाडीच्या चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कूलरचा एकच पंप उरला होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा सावळा, नखांत चिखल भरलेला, मनगटाला सुतळी गुंडाळलेला.

"सोडा जी," मी म्हणाले. "मी आधी आली."

"आधी मी आलो. आधी आला तो तुमचा हात."

"माझ्या घरी पेशंट आहे. कालपासून कूलर बंद आहे."

"माझ्या घरी चाळीस जण आहेत. त्यायले तर श्वास घेता येऊन नाही राहिला."

"चाळीस पेशंट?"

"मासे," तो म्हणाला.

एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर त्रेचाळीस अंश, अमरावती रोडवर ट्रकांची ही रांग... आणि मी भर दुकानात फिसकन हसले. सात महिन्यांत मला कोणी हसताना पाहिलं नव्हतं. दुकानदारानंही मान वर करून बघितलं. त्या मुलानं पंपावरचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "न्या. मी बादलीनं पाणी हलवत बसतो."

मी घरी शिवणकाम करते. त्यामुळे माणूस दिसला की मला आधी माप दिसतं, मग माणूस. खांदा साडेसतरा, शर्ट मात्र एकोणीसचा, म्हणजे भावाचा तरी किंवा सेलमधला. डाव्या बगलेत शिवण उसवलेली. त्याचं नाव विचारायच्या आधीच मला तो शर्ट उलटा करून मशीनखाली घालावासा वाटला.

नाव धम्मानंद. मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेली, आणि नोकरी वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेण्याची. भाड्याच्या खोलीमागे हातभर जागा होती, तिथं त्यानं माशांचं टाकं केलं होतं. पंप तर त्यानं सोडलाच, वर बसवून द्यायलाही आला, कारण जुन्या कूलरची नळी क्षारानं बुजलेली असते म्हणे. आमची खरंच बुजलेली होती.

घरी बाबा खाटेवर होते. रुपराव. बुटीबोरीच्या सूतगिरणीत सव्वीस वर्षं काढलेला, गप्पिष्ट, आणि आता दोन्ही किडन्या गेलेला माणूस. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दिवसाला पाणी एक लिटर. त्यातच चहा आला, वरण आलं, गोळीवरचा घोटही आला. रोज सकाळी मी एक बाटली भरायची आणि दिवसभर त्यांचं सगळं त्या बाटलीतूनच ओतायची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. माझी डावी किडनी बाबांना जाणार होती. तोवर त्यांचं पाणी आवरायचं, वजन आवरायचं आणि त्यांना जुलैत नेऊन पोचवायचं. एवढं एकच काम मला या जगात होतं.

म्हणून घरात एक नियम होता. बाबांसमोर कोणी पाणी प्यायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड प्यायची. सिंधूआत्या, म्हणजे बाबांची विधवा बहीण, ती आमच्याकडेच राहते, ती मोरीत जाऊन प्यायची. आल्या-गेल्याला पाणी विचारायचं नाही. धम्मानंद तासभर कूलरमध्ये डोकं घालून घामानं थबथबला होता आणि मी त्याला पाणी विचारत नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्याला डोळ्यांनी खुणावलं, फाटकाबाहेर नेलं आणि लोटा हातात दिला.

"बाहेर काहून?"

मी कारण सांगितलं. त्यानं घराकडे पाठ केली आणि लोटा तोंडाला लावून अगदी आवाज न करता प्यायला. आमच्या गल्लीत पाणी पिणाऱ्याचा आवाज दोन घरं ऐकू जातो. दुसऱ्याला तहान लागू नये म्हणून जपून पिणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला, आणि... सांगूनच टाकते... मी तिथेच कामातून गेले.

"मासे कोन्या बोडीतले गा?" आतून बाबांनी हाक मारली.

कुहीकडे धानाच्या बांधीला लागून लहानसं तळं खोदतात, त्याला बोडी म्हणतात. बाबांचं लहानपण त्या बोड्यांत गेलेलं. कूलर बसवताना माशांचं नाव निघाल्यापासून ते कोपरावर उठून बसले होते.

"बोडी नाही काका, खड्डेच आहेत दोन," धम्मानंद म्हणाला. "मोठ्यात मासे. त्याचं पाणी वाहून लहान खड्ड्यात येते. तिथून पंप ते वर ड्रममधल्या खडी-गिट्टीत चढवते. गिट्टीत भाजी लावली राहते. माशायची घाण भाजी खाते, अन् साफ झालेलं पाणी धारेनं परत माशायपाशी."

"म्हणजे माशायचं डायलिसिसच म्हन ना!" बाबा इतके हसले की खोकला लागला. "दीप्ते, आपल्या परसात हे पाह्यजे वं."

मी नको म्हणाले. डास होतील, चिखल होईल, तुम्हाला काही इन्फेक्शन होईल.

"जुलैपर्यंत मले भितीकडं तोंड करून पाडून ठेवशील काय?" बाबा म्हणाले. त्यावर मी परसातली अडगळ काढायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी सहाला कुदळ घेऊन यायला लागला. आठ वाजता ऊन तापलं की गोदामात जायचा. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, कमरेइतका खोल खड्डा आणि शेजारी एक लहान, असे दोन त्यानं पाच सकाळींत खोदले. बाबा मागच्या टिनाच्या सावलीत खुर्ची टाकून हुकूम सोडायचे. खड्ड्यात घालायला ट्रकवरची जुनी ताडपत्री फुकट मिळत होती, पण तिला तेलाचा वास होता. माशांचा जीव जाईल म्हणून त्यानं ती घेतली नाही, नवी निळी आणली. आणि मग कोपऱ्यात येऊन अडला.

"हे काय करून राहिले?" मी वरून म्हणाले. "पोतं गुंडाळून राहिले काय?"

"तुम्ही सांगा मग, मास्तरीणबाई."

मी साडी खोचून खड्ड्यात उतरले. "इकडून चुणी घ्या. आता ही तिच्यावर. दाबा... माझं बोट नाही, ताडपत्री दाबा."

"सॉरी," तो म्हणाला. बोट मात्र लगेच सोडलं नाही.

वर बाबांनी खाकरून घसा साफ केला आणि आत्याला विनाकारण हाक मारली.

पाणी भरलं, पंप लागला, उभे कापलेले दोन ड्रम गिट्टीनं भरले, त्यांत पुदिना आणि पालक लागला. बाबांना पालक वर्ज्य, पण त्यांना तो बघायला आवडायचा. मासे मात्र लगेच सोडायचे नव्हते. गिट्टीवर जिवाणू बसायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर पाणी विषारीच असतं. रोज संध्याकाळी तो काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचा. पिवळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर मासे मरणार.

"पिवळंच आहे," तो पहिल्यांदा म्हणाला.

"हे पिवळं? हे तर पोपटी. तुम्हाले दोरा आणायले पाठवलं तर बाईचं ब्लाऊजच फसन."

"मग रोज तुम्हीच पाहा. मी नुसती नळी धरतो."

मी नळी उजेडाकडे धरायची, तो माझ्या खांद्यामागून वाकायचा. पोपटी, मग कच्च्या लिंबासारखं, मग हळदीचं... बावीस दिवस लागले. पाणी लवकर पिवळं होऊ नये असं मला मनातून वाटायचं. मासे सोडले की याचं येणं कमी होईल, ही भीती. त्यालाही तसंच वाटत असावं, कारण एकदा चांगलं पिवळं दिसत असताना तोच म्हणाला, "थोडं हिरवट नाही वाटत?"

मेच्या मध्याला त्यानं आपल्या टाक्यातली तिलापिया माशांची वीस पिल्लं आणून सोडली, बोटभर लांबीची. बाबांनी खाट मागच्या टिनाखाली हलवून घेतली. म्हणाले, धार ऐकत पडतो, दिवस बरा जातो. मला किती बरं वाटलं! रात्रंदिवस ती धार पडत राहायची. एकदा धम्मानंद मला म्हणाला, "दुपारी दोन-तीन तास धार बंद ठेवू काय? माशायले काही होत नाही तेवढ्यानं." मी म्हणाले, कशाला, बाबांना तोच एक विरंगुळा आहे. तो माशांना खाद्य टाकायला वळला.

आणि बाबा आम्हाला बाहेर धाडायला लागले.

"जा गा, पुदिन्याच्या काड्या कमी दिसतेत, नर्सरीतून आणा." "दीप्ते, तू जाय याच्यासंगं, याले रंग कळत नाही." "गिट्टी धुऊन आणा चार बादल्या." सिंधूआत्या तोंडाला पदर लावून हसायची. मी वरवर फणकारायची आणि आत जाऊन केस विंचरायची. सात महिने मी दवाखाना आणि मशीन यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले की गरम वारासुद्धा गोड लागायचा. एकोणतीस वर्षांची बाई मी, पण त्या दिवसांत शाळकरी पोरीसारखी वागत होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी डायलिसिसला निघायच्या आधी मी बाबांना काट्यावर उभं केलं. सोमवारच्यापेक्षा तीन किलो सातशे जास्त. दोनच्या वर जायला नको होतं.

"बाबा, हे काय?"

"लोणच्याची फोड खाल्ली असन बाप्पा. खारटानं वजन वाढते, डॉक्टरच म्हणते ना."

मी रागावले. मग मशीननं ते पाणी काढलं, बाबांना गोळे आले पायाला, आणि दिवस निघून गेला. शुक्रवारी वाढ चार किलोंवर गेली. त्यांनी पुन्हा लोणच्याचं नाव घेतलं. मी पुन्हा रागावले.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी रसवंतीवर धम्मानंदनं विचारलं, "तुझं लग्न काहून नाही झालं अजून?" आता आम्ही अरेतुरे करायला लागलो होतो.

"ठरत आलं होतं. हिंगण्याचा मुलगा, बँकेत आहे. किडनी द्यायचं समजलं अन् त्यायनं फोन उचलणं बंद केलं. एक किडनीची सून नको म्हणाले."

"बाप्पा! मले तर अक्कलच अर्धी आहे. मले कोण करन?"

"तुले? तुले कोणी नाही करणार."

"तू पण नाही?"

मी उसाच्या रसाच्या ग्लासात पाहत राहिले. कान तापले होते माझे. "जुलै होऊ दे," मी म्हणाले.

रविवारी बाबांनी कमळ मागितलं. कुहीजवळ त्यांच्या गावच्या बोडीत कमळं असायची. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि चिखलात कमळाचे कांदे, म्हणजे कंद, सापडतात. एक कांदा आणून लहान खड्ड्यात लावा म्हणाले. मी काचकूच केली. शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन. मधले हे दोन दिवस सगळ्यांत वाईट. आणि जाऊन-येऊन पाच तास.

"आत्या आहे ना घरी. मी काय लहान लेकरू आहो काय वं?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. "जाय. असा दिवस पुन्हा नाही भेटत."

मी बाटली भरली, त्यांच्या उशाशी ठेवली, आणि गेले.

बोडीत कमळं होती. तळाशी वीतभर पाणी, बाकी चिखल. धम्मानंद पँट गुडघ्यावर घेऊन उतरला आणि मांड्यांपर्यंत फसला. मी काठावर पोट धरधरून हसत होते.

"हसून काय राहिली? हात दे!"

"आधी कांदा दे."

त्यानं चिखलात कोपरापर्यंत हात घालून एक कांदा उपटला, वर धरला, आणि तसाच उभा राहिला. "दीप्ती... जुलैनंतर, तुझे टाके निघाले की... मी आईले घेऊन येऊ घरी? बाबायले भेटायले?"

"टाके मी स्वतःच उसवीन," मी म्हणाले. "लवकर ये."

त्याच्या तोंडावर चिखल होता आणि त्यातून दात दिसत होते. मी त्याला ओढून वर काढलं, म्हणजे काढायला गेले आणि दोघंही काठावर पडलो. माझ्या आयुष्यातली ती एकच दुपार आहे जिच्यात मला काहीसुद्धा नको होतं.

साडेपाचला फाटकातून आत शिरलो तेव्हा आत्या आतून धावत आली. ती समोरच्या खोलीत कूलरपुढे झोपली होती. कूलरच्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नव्हतं. बाबा खाटेवर पाय खाली सोडून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. छातीतून घरघर येत होती, पाण्यात फुंकल्यासारखी. ओठांवर गुलाबी फेस. मला पाहून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण बोलायला श्वास उरला नव्हता. धम्मानंदनं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि रिक्षापर्यंत नेलं. मी बाबांचं डोकं धरून बसले. माझ्या हातांचा चिखल त्यांच्या केसांना लागत होता.

साडेसातला सगळं संपलं. मशीन लावायच्या आतच.

"पाणी किती पीत होते?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"एक लिटर. मोजून."

"छाती पूर्ण पाण्यानं भरली होती," ते म्हणाले. 

घरी आले. उशाशी बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. बाबा बाटलीतलं पाणी वाचवून ठेवत होते, मला दिसावं म्हणून. आणि खाटेपासून चार पावलांवर धार पडत होती, तीच धार, स्वच्छ, गार, दिवसभर, रात्रभर, ज्याला एका लिटरवर जगायचं होतं अशा माणसाच्या कानाशी. आम्ही ती तिथं आणून सोडली होती. मी पंपाची पिन उपटली आणि सकाळ झाल्यावर पुन्हा लावली, कारण वीस मासे तोंड वर करून तडफडत होते.

आठव्या दिवशी बाबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भंतेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. भांडी आवरता आवरता सिंधूआत्या माझ्याजवळ आली.

"हिंगण्यावाल्यायचा फोन आला होता," ती हळूच म्हणाली. "दुःख झालं म्हणे. अन् मग म्हणाले, आता तर काही अडचण नाही. पोरगी पुरी आहे." तिचाही बिचारीचा काही वाईट हेतू नव्हता. तिला माझी काळजी होती.

बाप मेला आणि माझी किंमत वाढली. मी पातेलं घासत राहिले.

धम्मानंद रोज येत होता. माशांना खायला घालायचा, नळीतलं पाणी बघायचा, माझ्याकडे मात्र बघायचा नाही. मला वाटलं, दुःखात आहे, माझं मन राखतो आहे. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि पाण्याकडे न वाकता माझ्यासमोर उभा राहिला.

"दीप्ती, एक सांगाचं आहे. ऐकून झालं की हाकलून दे मले."

मी पायरीवर बसले.

"मी पाह्यलं होतं त्यायले. पाणी पिताना."

"कधी?"

"तीनदा. दुपारी खाद्य टाकायले आलो होतो, तू दवाखान्यात गोळ्या आणायले गेली होती. ड्रमच्या नळीखाली दोन्ही हात लावून पिऊन राहिले होते. लहान पोरावानी. मी ओरडलो. त्यायनं माझा हात धरला."

"काय म्हणाले?" मला वाटलं, काहीतरी मोठं म्हणाले असतील. पोरीची किडनी नको म्हणाले असतील, मरायचं आहे म्हणाले असतील. असं काही म्हणाले असते तर मला ते सोसलं असतं.

"तहान लागली म्हणाले. बस. 'लय तहान लागते गा' म्हणाले."

आत आत्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"ते म्हणाले, दीप्तीले सांगशील तर ती बोडी बुजवन."  त्यानं ड्रमच्या नळीकडे पाहिलं. "बोडी बुजवली असती तर मी... मी रोज कोणत्या निमित्तानं आलो असतो? मले वाटलं, जुलै जवळच आहे. मशीन काढते ना पाणी. दोन घोटानं काय होते. म्हणून तर धार बंद ठेवू म्हटलं तुले. तू नाही म्हणाली, अन् मी... मी खुश झालो, दीप्ती. खुश झालो मी."

मला वाटलं, उठावं आणि याला त्या पाण्यात ढकलावं. मला वाटलं, आयुष्यभर याला दोष द्यावा. किती सोपं होईल! हा खड्डा यानं खोदला, धार यानं सोडली, पाहिलं यानं, गप्प हा बसला. मी फक्त एक भोळी मुलगी, बापाला किडनी द्यायला निघालेली. कोणीही मान्य केलं असतं. तो तर मान खाली घालून उभाच होता त्यासाठी.

"बुधवारी तीन किलो सातशे वाढलं होतं वजन," मी म्हणाले. "शुक्रवारी चार."

त्यानं वर पाहिलं.

"मी विचारलं तर लोणचं खाल्लं म्हणाले. धम्मानंद, आमच्या घरात जानेवारीपासून लोणचं नाही. मीच बरणी फेकली होती."

"म्हणजे..."

"म्हणजे मले माहीत होतं. कुठून पितात हे नव्हतं माहीत. शोधलंही नाही मी. शोधलं असतं तर दिवसभर त्यायच्यापाशी बसून राहावं लागलं असतं. मग तुझ्यासंगं पुदिना आणायले कोण आलं असतं? कमळ आणायले कोण आलं असतं? त्या दिवशी डोळे सुजले होते त्यायचे. मी पाह्यलं. पाहून गेली."

मी हे आजवर कोणापुढे बोलले नव्हते, स्वतःपुढेसुद्धा नाही. बोलून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही.  बाबा आम्हाला बाहेर पाठवत होते ते माझं भलं व्हावं म्हणून, की पाणी प्यायला मिळावं म्हणून? आता विचारायला ते नाहीत. मला वाटतं दोन्हीसाठी, आणि आम्हीही दोन्हीसाठी गेलो.

आत्या दारात आली. तिला आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. "हिंगण्याले काय सांगू वं?" तिनं विचारलं. "ते लोक आज फोन करतो म्हणाले."

"नाही म्हणून सांग. माझं ठरलं आहे."

"कोणासंगं?"

"याच्यासंगं."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि आत गेली. भावानंच जमवलं म्हणून तिला समाधान वाटलं असणार. ती अजूनही सगळ्यांना तसंच सांगते.

"नको, दीप्ती," धम्मानंद म्हणाला. "रोज माझं तोंड पाहशील अन् तुले तेच आठवन."

"आठवन. तुलेही माझं पाहून आठवन."

"मग?"

"हिंगण्याच्या पोरापाशी मले जन्मभर चांगली पोरगी बनून राहावं लागन. तो चार लोकांत सांगन, माझी बायको बापाले किडनी देऊन राहिली होती. अन् मी खाली मान घालून ऐकून घेईन. तुझ्यापाशी मले खोटं नाही बोलावं लागणार. दुसऱ्या कोणापाशी बोलावंच लागन."

तो पायरीवर बसला, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तोंड झाकून रडायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मला रडू येत नव्हतं. त्याला पाहून मला बाबांना मारल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचा हात हातात घ्यावासा वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. पुढेही असंच वाटत राहणार हे मला तेव्हाच कळलं.

मी थोडी सरकले आणि त्याचा हात धरला.